झापांचा आडोसा

दशरथ परबला लोक कप्तान म्हणत, आणि त्याला ते खरं वाटे.

संपात गिरणी गेल्यावर तो मरोळच्या एका कारखान्यात गोदामावर लागला. बोरीवलीच्या दोन खोल्यांत तो, बायको जानकी आणि गावाहून आलेला मेहुणा गुणाजी राहत. कारखान्यात आठवडाभर त्याला 'ए गोदाम' अशी हाक पडे. रविवारी पहाटे मात्र नॅशनल पार्कच्या फाटकाशी हौशी सायकलस्वारांच्या मंडळाच्या सायकली जमत आणि बँकेतला चंद्रप्रकाश ओरडे, "चल रे कप्तान, पुढे हो!"

हायवेनं शिरसाड फाट्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परतायचं. मे महिन्यात परतताना वारा समोरून येतो, दमट आणि गरम. श्वास घेतला तरी छाती भरत नाही. दशरथ अंगानं रुंद. तो पुढे, बाकीचे त्याच्या मागच्या चाकाला चिकटून एका रांगेत. फाटक दिसलं की सगळे बाजूनं सुटत आणि दशरथ शेवटचा पोहोचे.

"कप्तान, वय झालं रे तुझं," चंद्रप्रकाश म्हणे. सगळे हसत. दशरथही हसे.

१९८६ साली मंडळानं ठाण्याच्या सांघिक शर्यतीत उतरायचं ठरवलं. संघ चौघांचा. मेच्या शेवटच्या रविवारी शिरसाडहून परतताना जे चौघे फाटकाशी आधी पोहोचतील, त्यांचा. दशरथनं कारखान्यात आधीच सांगून टाकलं होतं की आपण संघात आहोत.

त्याच्या आदल्या रविवारी जानकी शेजारणीच्या पोरांना घेऊन पार्कात आली होती. तिनं फाटकाशी उभं राहून ती रांग येताना पाहिली. दुपारी वाढता वाढता म्हणाली, "गावाकडं पावसाळ्यात पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात ना? ती भिजतात, कुजतात. आतली माणसं कोरडी. तुम्हाला तसं बांधलंय त्यांनी."

"तुला काय कळतंय सायकलीतलं?"

"सायकलीतलं नाही. झापातलं कळतं."

दशरथनं जेवण संपवलं. जानकी भांडी घेऊन नळावर गेली. कोपऱ्यात गुणाजी पाठमोरा बसून दाढी करत होता. लाकडाच्या वखारीत ओंडके उचलून त्याची पाठ दारासारखी झाली होती. दशरथ त्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला.

"गुणा, रविवारी येतोस आमच्याबरोबर?"

"माका जमात काय, भावोजी?"

"न जमायला काय झालं? तू पुढे राहायचं. पुढे असतो तो कप्तान."

रविवारी गुणाजी वखारीची सायकल घेऊन आला. चंद्रप्रकाशनं त्याची पाठ पाहिली, मग दशरथकडे पाहिलं. "नवा कप्तान? झकास," तो मोठ्यानं म्हणाला. आणि दशरथच्या कानाशी, "शिकलास की रे."

परतीच्या वाटेवर गुणाजी पुढे होता आणि त्याच्या चाकामागची पहिली जागा दशरथची होती. तिथं खरंच वारा नव्हता. इतकी वर्षं बाकीचे काय उपभोगत होते, ते त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याला गुणाजीची पाठ जवळून दिसत होती. खाडीचा पूल येईपर्यंत तिच्यावरचा घाम थांबला. कातडी कोरडी आणि लाल झाली.

"भावोजी, माका पाणी व्हया."

"पुलापलीकडं."

पूल संपला. "भावोजी..."

"आता थोडंच राहिलं. कप्तान कधी थांबतो काय?"

काशिमीऱ्याजवळ गुणाजीची सायकल नागमोडी गेली आणि मातीत उतरली. तो पडला नाही. एका दगडाला धरून बसला, दारू प्यायल्यासारखा. कोणासाठी थांबायचं नाही, हा मंडळाचा नियम होता.

"भावोजी!" मागून हाक आली.

दशरथनं चंद्रप्रकाशच्या मागची जागा धरली. फाटकाशी तो चौथा आला.

घरी जानकीनं दारातच विचारलं, "गुणो खंय?"

"येतोय मागून."

गुणाजी दुपारी विटांच्या टेम्पोतून आला. दोघांनी उचलून आत आणला. जानकी त्याच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले, बहिणीला ओळखलं आणि फुटलेल्या ओठांनी हसला.

"ताये, आज मी कप्तान होतंय."

जानकीच्या हातातला तांब्या थांबला. दशरथ दाराशी बसून सायकलची साखळी पुसत होता. गुणाजी उभा राहू लागल्यावर ती त्याला घेऊन एसटीनं गावी गेली. पावसाळा तोंडावर आला होता आणि घराला झापं बांधायची होती. ती परतली नाही; पत्रंही शेजारणीच्या पत्त्यावर पाठवी.

ठाण्याच्या शर्यतीला चौघे सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. वारा समोरून होता. चौघांत रुंद अंगाचा एकच होता. चंद्रप्रकाशनं हातमोजे घातले, टोपी नीट केली आणि म्हणाला, "चल रे कप्तान, पुढे हो."

दशरथ पुढे गेला.