घरात इंग्रजी ऐकू येत नाही

मुलांच्या भाषेचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. अमेरिकेत, आमच्या चँडलरमध्ये एक मूल वाढवा, आठवड्याला दोन घरबसल्या मिळतात!

माझी मीरा नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सांगलीला राहणाऱ्या माझ्या आईला इंग्रजी येत नाही. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मीरा "हाय आजी" म्हणायची आणि फोन माझ्या हातात कोंबून पळायची. आई म्हणायची, "असू दे गं, दिसली ना." मला रडू यायचं.

*

ऑफिसातली लुसिया मेक्सिकन घरातली. तिची सोफिया इथेच जन्मली, पण स्पॅनिश फाडफाड बोलते. मी युक्ती विचारली. लुसिया म्हणाली, युक्ती कसली, घरात मी इंग्रजीला बहिरी आहे. सोफिया लहानपणी इंग्रजीत पाणी मागायची, तेव्हा ही बाई खुशाल भाजी चिरत बसायची. स्पॅनिशमध्ये मागितलं की लगेच ग्लास हजर.

म्हटलं, ठरलं!

*

त्याच संध्याकाळी मीराला आणि नवऱ्याला, समीरला, सोफ्यावर बसवून 'घरात फक्त मराठी' हा नियम जाहीर केला. पाच मिनिटं कडक भाषण ठोकलं. समीर मान डोलावत होता.

मीरा शांतपणे म्हणाली, "मॉम, यू सेड द होल थिंग इन इंग्लिश."

*

मग मी हट्टालाच पेटले. आमची भांडणंसुद्धा मराठीत सुरू झाली. पूर्वी आम्ही भांडलो की मीरा खोलीत जायची, आता समोर बसून ऐकायला लागली. एकदा मध्येच म्हणाली, "आई, बाबाचं बरोबर आहे." समीरला आनंद लपवता येईना. हरले, पण मराठीत हरले.

*

एकदा दुकानाच्या रांगेत एका बाईने स्पॅनिशमध्ये बोलणाऱ्या लुसिया-सोफियाला सुनावलं, इथे इंग्रजीत बोला. अकरा वर्षांच्या सोफियाने स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं, "तुमच्याशी बोलते ना इंग्रजीत. ही माझी आई आहे."

हे मी घरी सांगितलं. मीराने सोफियाचं उत्तर मला पुन्हा सांगायला लावलं.

*

गेल्या रविवारी सकाळी आईचा कॉल आला, तेव्हा माझे हात कणकेत होते. मीराने फोन उचलला आणि ती खोलीत गेली. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना, म्हणून मी डोकावले. पोरगी अडखळत, थांबत, शाळेतल्या मैत्रिणीशी झालेलं भांडण आजीला सांगत होती. एका शब्दाला अडली. आई तिकडे नुसती वाट बघत होती. मला राहवलं नाही, मी दारातून तो शब्द सांगितला.

मीरा उठली. "आई, तू जा. आम्ही बोलतोय."

आणि तिने दार लावून घेतलं.