जून रोप

उंबरमाळीच्या गुणाबाईला वस्तीतल्या बायका मागून 'जून रोप' म्हणायच्या. भाताचं रोप लावणीआधीच जून झालं, की शेतात नुसतं उंच वाढतं, त्याला फुटवे येत नाहीत. गुणाबाई पस्तिशी गाठून नवशाच्या घरात आली, त्याची पहिली बायको गेल्यावर. घरात त्याची लहानगी माधुरी होती. गुणाबाईची स्वतःची कूस मात्र काही उजवली नाही, आणि बायकांना चघळायला विषय मिळाला. कानावर आलं की गुणाबाई वरवर हसायची, पण तो शब्द तिला कुसळासारखा रुतून बसला होता.

१९९६ साली शहापूरजवळ शेखर डॉक्टरांच्या शेडवर तिला काम लागलं. डॉक्टर तिथे डुकरांवर प्रयोग करत. एका मादी पिल्लाची फुप्फुसं काढून त्यांनी तिच्या छातीत मोठ्या डुकरिणीच्या फुप्फुसाचा तुकडा बसवला होता. तेवढ्यावर ती जगत होती.

"पिल्लू वाढंल, मंग तो तुकडा पन वाढंल का?" गुणाबाईने विचारलं.

"तेच बघायचंय," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसात हवेची बारीक बारीक घरं असतात. लहानपणी ती नवी फुटत राहतात. हा तुकडा मोठ्या जनावराचा. याच्यात नवी घरं फुटतील, की आहेत तीच ताणून मोठी होतील?"

गुणाबाईच्या हातातली बादली खाली टेकली. "म्हंजी जून रोपच की वो!"

डॉक्टरांना काही उमगलं नाही. पण गुणाबाईला त्या दिवसापासून चैन पडेना. तिने पिल्लाचं नाव ठमी ठेवलं. कोंडा घालताना ती तिच्या फासळ्यांना कान लावायची. आत नवं काही फुटत असेल का? फुटलं, तर बायकांच्या तोंडावर फेकायला बरं, असं तिला मनापासून वाटे. ठमी मात्र खुशाल वाढत होती, धावत होती, गुणाबाईच्या लुगड्याचा काठ चावत होती.

उत्तर हवं तर दिवाळीनंतर ठमीला भूल देऊन कायमचं झोपवावं लागणार होतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. गुणाबाईला उत्तर हवं होतं आणि तो दिवस नको होता.

तो दिवस आलाच. गुणाबाई शेडमागे बसून पोटभर रडली. पुढे तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून जाळीसारखं काहीतरी दाखवलं.

"नवी घरं नाय फुटली?"

"हिच्यात तरी नाही. होती तेवढीच आहेत, पण एकेक केवढं मोठं झालंय बघा. अख्खी छाती भरलीय त्यांनी."

गुणाबाई कितीतरी वेळ त्या काचेवरून डोळा काढेना.

दुसऱ्या सकाळी ती माधुरीला घेऊन विहिरीवर गेली. डुकराची गोष्ट वस्तीत कधीच पसरली होती. बायकांतल्या धोंडीबाईने सगळ्यांदेखत हटकलं, "काय गो, आलं का फुटवं तुझ्या डुकराला?"

बायका फिदीफिदी हसल्या. माधुरी मान खाली घालून उभी होती. बघता बघता ती गुणाबाईच्या खांद्याला लागली होती.

"नाय आलं," गुणाबाई म्हणाली. तिने भरलेली कळशी उचलून माधुरीच्या डोक्यावर नीट ठेवली. "पन पोर त्या जून तुकड्याच्याच जीवावर वाढली."