शुक्रवारचा गैरहजर

माझी आई वरवट बकालजवळच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवत असे. शिक्षक दोन आणि वर्ग चार, त्यामुळे बाई एका वर्गाकडे असल्या की शेजारच्या वर्गाने आपले आपण शिकायचे. आईने यासाठी एक रीत पाडली होती. एखाद्या साध्या मंगळवारी, कुठेही सभा किंवा तपासणी नसताना, ती फळ्यावरचे गणित अर्ध्यावर सोडून बाहेर पडायची आणि खिडकीतून दिसणार नाही अशा बेताने व्हरांड्याच्या टोकाला बसायची. आपल्यावाचून वर्ग चालतो की नाही, हे ती कानांनी तपासत असे. मी तेव्हा तिच्याच वर्गात तिसरीला होतो. पहिल्या खेपेला आम्ही मनसोक्त दंगा केला. काही मंगळवार गेल्यावर मात्र एक मुलगी आपणहून उठली आणि खडू घेऊन ते गणित पुढे सोडवू लागली.

मोठेपणी पुण्यात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर झाल्यावर ही रीत मी कामात आणली. काही दवाखान्यांची रुग्णनोंदणी आमच्या कंपनीकडे होती आणि ती क्लाउडवर चाले. क्लाउड म्हणजे सोप्या शब्दांत दुसऱ्याच्या मोठ्या इमारतींतली भाड्याची यंत्रे. लागतील तेवढी घ्यावीत, गरज सरली की सोडून द्यावीत. परंतु भाड्याचे यंत्रही बंद पडतेच. म्हणून सगळ्या माहितीची एक प्रत दूरच्या, वेगळ्या विजेवर चालणाऱ्या इमारतीत सतत उतरवली जाते. पहिले यंत्र थांबले तर दुसऱ्याने काम हाती घ्यावे, अशी ही योजना. ते खरोखर तसे घेते का, हे संकटाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. त्यासाठी दर शुक्रवारी दुपारी, गर्दी नसताना आणि सर्वांना सांगून, मी एक चालू यंत्र मुद्दाम बंद करत असे. सहकारी मला हेडमास्तर म्हणत. फोनवर आईशी बोलताना माझ्या तोंडी ‘का’ऐवजी ‘काऊन’ आणि ‘मला’ऐवजी ‘मले’ आले की हेडमास्तर गावाला गेले, असेही म्हणत.

मग आई घरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण तिने एकटे राहू नये असे डॉक्टरांनी बजावले. पुण्याला येण्याचा विषय तिने एका वाक्यात संपवला.

“तिथं मले कोनी बाई म्हणून हाक मारत नाही.”

तेव्हा मीच वरवट बकालला येऊन तिच्या घरून काम करू लागलो. आमच्या विभागप्रमुख बाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आणि अट स्पष्ट सांगितली. आणीबाणीच्या वेळी मी हाताशी नसलो, तर पुण्याला परतावे लागेल. मी त्यांना निश्चिंत राहायला सांगितले. घरी तारेने येणारे इंटरनेट होते आणि ते गेलेच तर मोबाइल होता. दोन स्वतंत्र वाटा आहेत, असे मी त्यांना लिहूनही कळवले.

दिवाळी तोंडावर आली असताना एका सकाळी दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या. गावातल्या मोबाइलच्या मनोऱ्याने मान टाकली होती. आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून मी मोटारसायकल काढली आणि रेंजच्या शोधात जळगाव जामोदच्या दिशेने निघालो. गावाबाहेर पाण्याच्या पाइपासाठी जेसीबीने चर खणला होता. त्यात दोन तुटलेल्या केबली शेजारी शेजारी लोंबत होत्या. एक घरोघरी इंटरनेट पोचवणारी, दुसरी मनोऱ्याला जोडणारी. दोन कंपन्यांनी आपापली केबल पूर्वी एकाच जागी पुरली होती.

मी तिथे उभा राहिलेला पाहून जेसीबीवाला आधीच सावध झाला.

“सायेब, मी त एकच टोला मारला. दोन कशा तुटल्या, मले काय मालूम?”

त्याचे काही चुकले नव्हते. दोन वाटा मोजताना त्या कुठून जातात हे मी पाहिलेच नव्हते. व्यवस्थेत असा एखादा बिंदू असतो की तो एकटा तुटला तर सारेच थांबते. आमच्या गावचा तो बिंदू त्या चरात होता.

बरेच पुढे गेल्यावर फोनला रेंज आली आणि संदेशांची रांग लागली. नेमक्या त्याच वेळात नोंदणीचे मुख्य यंत्र बंद पडले होते. मी गाडी कडेला घेतली आणि गेल्या वर्षी रुजू झालेल्या सहकारी मुलीला फोन लावला. दूरच्या प्रतीने काम आपणहून हाती घेतले होते. एक जुनी सेवा मात्र बंद यंत्राकडेच विचारणा करत बसे. तिला दर शुक्रवारी हाताने नव्या यंत्राकडे वळवावे लागे. तेही त्या मुलीने करून टाकले होते.

“सर, दवाखान्यांत कुणाला कळलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “तुम्ही गाडी सावकाश चालवा.”

मला हायसे वाटले. पण मी हाताशी नव्हतो, आणि अट तर तेवढीच होती.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. वॉकर धरून ती खाटेवर टेकली आणि तिने एवढेच विचारले, “वर्ग चालू होता ना?”

“हो.”

“मंग मास्तर नापास काऊन होईन?”

विभागप्रमुख बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. माझ्या दोन वाटांबद्दल त्यांनी मला ऐकवायचे तेवढे ऐकवले, आणि ते रास्त होते. छतावर डिश बसवून वेगळ्या दिशेच्या मनोऱ्याशी जोडणी घेईन, असे मी सांगितले. तिची वाट कुठून जाते हे या वेळी स्वतः जाऊन पाहीन, असेही सांगितले. त्यांनी ते टिपून घेतले. मग म्हणाल्या की पुण्यात दुसरा एक विभाग आहे, तिथला माणूस रजेवर गेला की सगळे त्याची वाट पाहत बसतात. तशी वेळ आपल्यावर आली नाही.

“तुम्ही तिथेच राहा,” त्या म्हणाल्या. “पण आता शुक्रवारी यंत्राबरोबर एक माणूसही बंद ठेवायचा. सुरुवात तुमच्यापासून.”

त्या शुक्रवारी दुपारी मी लॅपटॉप आतल्या खोलीत सोडून ओसरीवर आईशेजारी येऊन बसलो. त्याच आठवड्यात ती वॉकरवाचून दारापर्यंत चालू लागली होती. आतून संदेशांचा बारीक टिणटिण आवाज येत होता. थोड्या वेळाने मला राहवेना आणि मी उठू लागलो. आईने माझा हात धरून मला खाली बसवले.

“आत डोकावू नको,” ती म्हणाली. “डोकावलं त पोरायले समजते.”