गप्प न बसणारं वाद्य

माझी लेक हल्ली वाजवून झालं की हात धुते.

लहानपणी ती वाजवण्याआधी धुवायची. तिला पियानो शिकवणाऱ्या बाईंचा तसा दंडकच होता. दारातून आत आलं की आधी नळ, मग पियानो. बोटं नीट कोरडी झाली नसतील तर बाई स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. आता सगळं उलटं झालंय. कार्यक्रम आटोपून ती माझ्याकडे येते, वाद्याची पिशवी भिंतीला टेकवते आणि सरळ बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत साबण चोळते, गटारात पडलेली किल्ली काढून आल्यासारखी. मी म्हणते, "अगं, कातडी निघेल." ती म्हणते, "चिकट लागतं, आई." कशाचं चिकट? तिच्या आत्ताच्या वाद्यावर मी स्वतः बोट फिरवून पाहिलंय. कोरडं ठणठणीत आहे. आईच्या काळज्यांना शेंडाबुडखा नसतो हे मला कळतं, पण ही एक काळजी काही केल्या पाठ सोडत नाही. आज तर ती मला दिवाही मालवू देत नाही.

लेक कीबोर्ड वाजवते. तोच तिचा पोटापाण्याचा उद्योग. हॉटेलात लोक जेवत असताना, शाळांच्या बक्षीस समारंभात, कुणाच्या तरी निवृत्तीच्या दिवशी, स्टुडिओत साबणाच्या जाहिरातीमागे. लोक विचारतात, "ते ठीक आहे, पण काम काय करते?" पूर्वी मी समजावून सांगायचे. आता म्हणते, रात्रपाळी असते तिला.

बाईंकडे खरा पियानो होता. आमच्या दोन खोल्यांत तो शिरला असता तर आम्हाला बाहेर निघावं लागलं असतं. म्हणून तिचे वडील दुकानातून एक छोटा सिंथेसायझर घेऊन आले. खोक्यावर लिहिलं होतं, शंभर वाद्यांचे आवाज. ते शंभरही आवाज एकाच सर्दी झालेल्या माणसाचे होते. व्हायोलिन लावा, बासरी लावा, नाक चोंदलेलंच. त्यात एका वेळी चारच सूर वाजायचे. पाचवी पट्टी दाबली की पहिला सूर गुपचूप मरायचा. पोरगी हुशार. पाचवा सूर लागेल तिथे बोट नुसतं टेकवल्यासारखं करायला शिकली. बाईंनी ते पियानोवर पकडलं. म्हणाल्या, "हे बोट काय करतंय? दिसतंय वाजवल्यासारखं, वाजत तर नाही." मग घरी निरोप आला, या यंत्रावर जास्त बसू देऊ नका, खोटं बोलायची सवय लागेल. तिचे वडील चिडले. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाले. या वेळी अंगण खरंच वाकडं होतं, हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही.

दुसरं तिने स्वतःच्या कमाईतून घेतलं. काळं, मखमली, हात लावला की मऊ लागणारं. मी तेव्हाच म्हटलं होतं, याच्यावर रबराचा थर दिलाय, तो टिकायचा नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकले त्याचा जन्मात एवढाच उपयोग झाला. दोन उन्हाळ्यांत त्या थराला पाझर फुटला. बटणं गुळाच्या ढेपेसारखी चिकट झाली. त्यांना धूळ चिकटली, केस चिकटले, एकदा एक पतंग चिकटला आणि त्याचा पंख तिथेच राहिला. औषधाच्या जुन्या बाटलीच्या बुचाला येतो तसला वास यायचा. असल्या वस्तूवर ती लोकांसाठी प्रेमाची गाणी वाजवायची.

आणि तिसरं ते वाचाळ. हे नाव तिच्या मित्रांनी ठेवलं.

वाचाळ हा दुकानाच्या काचेमागे मांडलेला नग होता. गिऱ्हाईक ओढायला त्यात एक सोय करून ठेवलेली. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की ते आपण होऊन वाजायला लागायचं. रणशिंगं, ढोल, टाळ्या, सगळी जत्राच. लेक दुकानात गेली तेव्हा नेमकं ते वाजत होतं, आणि त्या आवाजावर ती भाळली. घरी आणल्यावर कळलं, एवढा आवाज ते स्वतःच्याच गाण्यात काढतं. तिने वाजवलं की पुन्हा तीच सर्दी. ती सोय बंद करता यायची, पण विजेचा दाब जरा कमी-जास्त झाला की यंत्र सगळं विसरायचं, केव्हा ते कळायचंही नाही, आणि पुन्हा दुकानात असल्यासारखं वागायचं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, "याला एकटं सोडू नका, एवढंच."

म्हणून तिने युक्ती काढली. अगदी डावीकडची शेवटची पट्टी मुकी करून ठेवली. गाण्यांच्या मध्ये कुणी भाषण करत असलं की त्या पट्टीवर ती एका बोटाने हळूच टकटक करायची. टकटक चालू असली की यंत्राला वाटायचं, कुणीतरी आहे. जेवताना माझ्याशी बोलतानासुद्धा तिचं डावं बोट टेबलावर हलत राहायचं. मला ते बोट पाहून शिसारी यायची. माणसाने यंत्राची समजूत काढायची.

मग बाई गेल्या. शोकसभेला बाईंच्या आवडीचं वाजवायला हिलाच बोलावलं. मीही गेले होते. तिने वाजवलं चांगलं, त्या यंत्राच्या मानाने फारच चांगलं. मग कुणीतरी म्हणालं, आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. सगळे उठले. लेकही उठली, दोन्ही हात खाली सोडून, मान खाली घालून. माझ्या शेजारी कुणीतरी मुसमुसत होतं. मी लेकीच्या हातांकडे पाहिलं. टकटक बंद होती.

मग रणशिंगं वाजली. ढोल वाजले. बाईंच्या फोटोसमोर टाळ्यांचा कडकडाट झाला. लेक बटणं दाबत होती आणि बटणं ऐकत नव्हती. शेवटी कुणीतरी भिंतीतली वायर उपटली. बाईंची बहीण नुसती खाली बसली.

त्यानंतर हिला बोलावणारे कमी झाले. मित्रांनी त्याची गोष्ट केली. ती गोष्ट ते दर भेटीत सांगतात, आणि सगळ्यात मोठ्याने हसते ती माझी लेक.

मागच्या आठवड्यात म्हणाली, "वाचाळ दुरुस्त करून घेतलं, आई. एक नर्सबाई घेतायत." मला हायसं वाटलं. चांगल्या घरी जातंय म्हणून मी ते स्पिरिटने पुसलं, पट्ट्यांच्या फटीतून काड्या फिरवल्या. आतून काय काय निघालं ते न लिहिलेलंच बरं. परवा नर्सबाई न्यायला आल्या. शेवटच्या आजारातली माणसं असतात अशा शुश्रूषागृहात त्या काम करतात. लहानपणी थोडं शिकल्या होत्या, आता रुग्णांजवळ बसून वाजवायचं त्यांच्या मनात आहे. पट्ट्यांना भीत भीत हात लावत म्हणाल्या, "हे अगदी हळू वाजतं ना? आमच्याकडे काहींना मोठा आवाज सोसत नाही. डोळा लागला की मी थांबेन."

"एकदम हळू," लेक म्हणाली.

जाताना त्यांनी मला त्यांचा नंबर दिला. "काकू, काही अडलं तर तुम्हालाच विचारीन. तुमची मुलगी फार बिझी असते."

आज संध्याकाळी लेकीची वाजवणारी मित्रमंडळी जमली होती. लेक वेगळी राहते, पण तिच्या खोलीच्या भिंती पातळ म्हणून बैठक माझ्याकडे असते. शिवाय यांची मेलेली वाद्यं माझ्याच माळ्यावर आहेत. दोघेच येतात. एक मास्तर, जन्मभर ऑर्गन वाजवलेले, आता कान थोडे मंद. दुसरा पोपट, स्वतः वाजवतो आणि जुनी वाद्यं इकडची तिकडे करतो. चहा झाला की यांचा एकच विषय, कुणाच्या वाट्याला सगळ्यात भिकार सिंथ आला.

"माझा तापला की बेसूर व्हायचा," पोपट म्हणाला. "म्हणून समोर टेबलफॅन लावायचो. एका कार्यक्रमात लोक येऊन फॅनच्या समोर बसले. वन्स मोअर कुणाला, मला की त्याला, अजून कळलेलं नाही."

"माझ्यात टॅक्सीवाले बोलायचे," मास्तर म्हणाले. "त्यांचा वायरलेस पकडायचा तो. सगळं शांत झालं की आतून आवाज यायचा, दोन मिनिटांत पोचतो. लोकांना वाटायचं, मीच बोललो."

"तुम्ही काय केलंत त्याचं, मास्तर?" लेकीने विचारलं.

"काय करणार? याच्या गळ्यात मारला."

"आणि मी पुढे सरकवला," पोपट म्हणाला. "काकू, असल्या वस्तू घरात ठेवायच्या नसतात. आपण फसलो ना, मग दुसऱ्याने काय घोडं मारलंय?"

हसले सगळे. मी कप उचलायला लागले. कपांच्या तळाशी बिस्किटांचा लगदा झाला होता. हे असं कुजकं हसणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. आयुष्यभर ज्याने फसवलं त्याच्या गोष्टी सांगून हसायचं आणि तेच दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं.

"आणि तुझं वाचाळ?" पोपटाने विचारलं.

"गेलं," लेक म्हणाली. "परवाच."

"दुरुस्त करून?"

"दुरुस्त कसलं होतंय? आईने पुसलं छान. नवीन दिसत होतं."

पोपटाने मांडीवर थाप मारली. "कुणाला दिलंस?"

"शुश्रूषागृहातल्या नर्सला. उद्या दुपारी पहिल्यांदा वाजवणार आहे. कुणी आजी आहेत, त्यांना झोप लागत नाही म्हणे."

"म्हणजे आजींचा डोळा लागला, बाई थांबल्या, आणि मग..." पोपटाने तोंडाने रणशिंग वाजवलं. अगदी हुबेहूब. लेक हसता हसता पुढे वाकली.

मास्तर हसले नाहीत. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. पण ते म्हणाले, "तिला सांगितलंस का?"

"तिने विचारलं नाही."

"तरी."

"मास्तर, तुम्ही सांगितलं होतंत याला टॅक्सीवाल्यांचं?"

 मास्तर उठून बुटांचे बंद बांधत बसले, आणि ते बांधायला त्यांनी फार वेळ लावला. त्यांच्यामागोमाग पोपट गेला. लेक बेसिनपाशी गेली आणि तिने कोपरापर्यंत साबण लावला. आज तिने कशालाच हात लावला नव्हता. वाद्य आणलंच नव्हतं.

मी टॉवेल घेऊन मागे उभी राहिले. म्हटलं, "उद्या सकाळी त्यांना फोन कर."

"कशाला?"

"कशाला म्हणून विचारतेस?"

"आई, तिथे कोण ऐकणार आहे? निम्मे औषधाच्या गुंगीत असतात." टॉवेल न घेता ती हात झटकत होती. माझ्या चष्म्यावर थेंब उडाले. "मला तरी कुणी सांगितलं होतं? दुकानदाराने सांगितलं होतं? बाईंच्या सभेत सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा कुणी म्हणालं का, चूक तिची नाही?"

"मग आता त्या नर्सकडे सगळ्यांनी बघायचं."

"तू झोप आता. पोचले की कळवते."

मला माझ्या पोटच्या पोरीची किळस आली. किळस हा शब्द लिहिण्याआधी मी दुसरे पुष्कळ शब्द शोधून पाहिले. राग नव्हता तो. फ्रिजच्या मागे हात घातल्यावर नको ते बोटाला लागावं, तसं झालं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं वागणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मीही काही वेगळी नाही. पोपटाचं वागणं मला आधीपासून ओंगळ वाटायचं, ही मात्र कायम फसलेली, बिचारी वाटायची. आज ती पोपटाच्या शेजारी बसली होती आणि कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं.

तरी ते हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. रबर स्पिरिटने निघतं, मी काढलंय. हे साबणाने निघत नाही, आणि ते तिलाही माहीत आहे, नाही तर ती इतकी चोळत बसली नसती. बाईंसमोरून उठली तेव्हापासून ती तेच धुतेय. आता त्यात नर्सबाईंची भर पडेल. उद्या दुपारी त्या आजींचा डोळा लागेल, नर्सबाई मायेने हात मागे घेतील, आणि पुढचं मला पाठ आहे.

नर्सबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळी मीच त्यांना सांगू शकते, की शेवटच्या पट्टीवर टकटक करत राहा, किंवा ते यंत्र परतच आणून द्या. सोपं आहे. पण मग माझ्या लेकीच्या वतीने मीच मुकी पट्टी बडवत बसले असं होईल, आणि ती खुशाल हात खाली सोडून उभी राहील.

मघाशी तिचा मेसेज आला, "पोचले." एरवी यावर मी दिवा मालवते. ती जागी असणार, तिला उशिरापर्यंत झोप येत नाही. फोन उचलून म्हणेल, काय गं आई, कळवलं ना? मी म्हणणार, पोचलीस ते कळलं. आता त्या नर्सबाईंना काय सांगायचं ते आधी मला सांगून दाखव. चिडेल. फोन ठेवेल. मग मी पुन्हा लावीन. ती सांगणार नसेल तर सकाळी त्या कामावर निघायच्या आत मी सांगेन, आणि हिला सांगूनच सांगेन, पाठीमागून नाही.

चष्मा पुसला. तिचा नंबर लावते.