आमच्या पाटीलकीचा पुरावा

पेडगाव सोडलं तेव्हा परभणी स्टेशनवर मला पोचवायला आक्का आली होती. माझी थोरली बहीण कौसल्या. वडील येऊ शकले नाहीत. आमची मेंढरं तेव्हा कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवली होती, आणि कळप टाकून माणूस हलत नाही. आक्कानं खांद्यावरची घोंगडी माझ्या हातात दिली, नळाकडे बोट केलं आणि म्हणाली, "पाय धुऊन बस गाडीत. मेंढरांचा वास यायलाय. लोक नाक धरतेत." मी पाय धुतले. मनमाडला गाडी बदलताना घोंगडी बाकावर राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली.

हे मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी लिहितो आहे. माझी मुलं, सुना, नातवंडं, नाशिकपासून टोरांटोपर्यंत पांगलेली सगळी मंडळी त्यात आहेत. पेडगावचं कुणी नाही. ग्रुपच्या चित्रात दोन तलवारी एकमेकींना टेकल्या आहेत. आमच्या घरात आजवर पातं होतं ते फक्त लोकर कातरायच्या कातरीचं.

या तलवारी गेल्या वर्षी आल्या. टोरांटोच्या अभिजितला, माझ्या थोरल्याला, पूर्वज शोधायचा नाद लागला. कुठल्याशा वेबसाइटवर जुनी दप्तरं स्कॅन करून ठेवली आहेत, तिथे तो रविवारभर बसतो. आधी त्याला आमच्यासारख्याच आडनावाचा कुणी घोडेस्वार सापडला. तो आमचा कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मग धाकट्या सुनेनं आपण मूळचे राजपुतान्यातले असल्याचं जाहीर केलं. कशावरून? तर नाकावरून. सगळ्यांनी खाली पसंतीचे अंगठे टाकले. एकानं तलवारीचे मग छापून घेतले. त्यातला एक मलाही आला. मी त्यात दाढीचा ब्रश ठेवतो.

आणि मग एके दिवशी अभिजितला खराखुरा कागद सापडला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीतलं एक पान. त्यावर आमचं नाव, गाव पेडगाव, चार गावांची पाटीलकी, निजामाकडून मिळालेली इनाम जमीन, एकुलता एक मुलगा. खाली सही. "बाबा, तुमची सही! आता ऑफिशियल झालं!" असं त्यानं लिहिलं. पुढे फटाके फुटणारी चित्रं.

सही माझीच आहे. अक्षरही माझंच. त्या पानावर नाव-गाव सोडलं तर खरं काहीच नाही.

वडील गेले तेव्हा मी नाशिकला कारकून होतो. अस्थी घेऊन आक्का एसटीनं आली. मांडीवर गाडगं, तसंच रात्रभर धरून. रामकुंडावर माझे होणारे सासरे मदतीला आले होते. ते शाळेचे हेडमास्तर. त्यांना मी पाटलाचा एकुलता मुलगा म्हणून सांगून ठेवलेलं. विधी झाल्यावर उपाध्यायांनी वही उघडली आणि म्हणाले, "शिकलेले दिसता, तुम्हीच लिहा." मी लिहीत गेलो. सासरे वाकून वाचत होते. उपाध्यायांनी पायरीवर बसलेल्या आक्काकडे पाहिलं. "या बाई कोण?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "गावाकडच्या. कामाला असतात."

आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "व्हय म्हाराज," ती म्हणाली, "यांची मेंढरं मीच राखती."

मेंढरं तीच राखत होती हे तर खरंच. माझ्या शाळेपायी ती शाळेत गेली नाही. कळपामागं माणूस हवं, म्हणून तिचं लग्नही लांबलं. पुढे ती नाशिकला घोंगडी घेऊन यायची तेव्हा मुलं म्हणायची, "बाबांची मेंढरंवाली कौसाबाई आली." मी ते कधी सुधारलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवायची, आणि मी पंख्याखाली.

येत्या महिन्यात माझं सहस्रचंद्रदर्शन. अभिजित तेव्हा वंशवृक्षाचा मोठा फलक लावणार आहे. म्हणून मी त्याला फोन करून सगळं सांगितलं आणि आक्काचं नाव घाल म्हटलं. तो शांतपणे ऐकत होता. लेकरू रडायला लागलं की ऐकतात तसा. मग म्हणाला, "बाबा, या वयात आठवणींची गल्लत होते. रेकॉर्ड इज रेकॉर्ड. तिच्या नावाचं एखादं डॉक्युमेंट आहे का?"

म्हणजे तेव्हाच्या खोटारड्या पोरावर यांचा विश्वास, आणि तोच ऐंशी वर्षांचा झाल्यावर त्याच्याकडे पुरावा मागणार. पण हसू कुणाला? यांना तलवारी मीच दिल्या.

काल आक्काला फोन लावला. तिच्या सुनेनं तो तिच्या कानाशी धरला. रामकुंडाचं मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापाशी बोललो. फलकावर तुझं नाव लावतोय, म्हटलं. मागून मेंढरं ऐकू येत होती.

"तवा भटजीनं इचारलं व्हतं, तर बोलला न्हाईस," ती म्हणाली. "आता कोनी इचारीना, आन तू सांगायलास."

मग तीच पुढे म्हणाली,

"आन नाव घालायचं आसंल तर आदी मेंढरांचं घाल. तुला शिकवलं त्यायनी. मी आपली मागून चालले."

तर अभिजित, डॉक्युमेंट हवं ना, हे घे. वडील मेंढपाळ. इनाम नाही, पाटीलकी नाही. कळप होता. मुलं दोन. थोरली कौसल्या, हयात, राहणार पेडगाव. धाकटा मी. खाली सही करतो आहे, तीच सही, जुळवून बघ आणि स्कॅन कर. फलक लावायचा तर असा लाव. नाहीतर त्या दिवशी तुम्ही आणि तुमच्या तलवारी हॉलमध्ये बसा. मी परभणीच्या गाडीत असेन.

घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी इतकी वर्षं नाशिकचा पत्ता सांगत आलो. काल फोन ठेवायच्या आधी मी आक्काला विचारलं, येऊ का? असं विचारावं लागलं, यातच सगळं आलं.

"ये की," ती म्हणाली. "पन दारात पाय धुऊन आत ये. तुमच्या शहराच्या वासानं मेंढरं बुजतेत."