घड्याळाची किल्ली

रत्नागिरीच्या आमच्या आंबा संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. माझ्याइतकं झरझर टायपिंग तिथे कोणाचं नव्हतं. कॉम्प्युटरपुढची खुर्ची माझीच, असं मी धरून चालले होते. साहेबांनी बसवली पुण्याहून कोर्स करून आलेली पोरगी. तिला काचेची खोली, एसी, आणि आत जायचं तर चपला बाहेर. देवळातसुद्धा साहेब एवढ्या भक्तीने चपला काढत नसतील.

माझ्या वाट्याला भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. दर सोमवारी त्याला किल्ली द्यायची, रेडिओच्या ठोक्यांवर लावलेल्या माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवायचं.

पोफळीच्या वीजघरातली वीज आमच्याकडे येईपर्यंत दमायची. ती गेली की कॉम्प्युटर झोपायचा आणि जागा झाला की सगळं विसरून तारीख आणि वेळ विचारायचा. पोरगी काचेतून माझ्या घड्याळाकडे आणि त्याखालच्या कॅलेंडरकडे बघून बोटं चालवायची. साहेब पाहुण्यांना दाखवायचे, "बघा, कशी अचूक वेळ!" वेळ माझी, कौतुक तिचं. मी नुसती जळायची.

मग साहेबांनी फर्मान काढलं, "आता कॉम्प्युटर आहे. ही अडगळ कशाला?" घड्याळ आणि कॅलेंडर दोन्ही उतरवली. मला रडू आलं, पण तिच्यासमोर कोण रडतंय!

ऐन मे महिन्यात, बागायतदारांची रांग लागलेली असताना, वीज गेली आणि आली. पोरगीने सवयीने मान वर केली. भिंत रिकामी. मला विचारायचं सोडून तिने घाईत तसंच बटण दाबलं. काहीच सांगितलं नाही तर यंत्र एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी धरून चालायचं. पावत्यांवर तेच छापलं.

एक म्हातारे बागायतदार पावती घेऊन माझ्याकडे आले. "काय गो बाय, जानेवारीत आंबं कुठचं? तवा तर नुसता मोहोर असतो."

सगळी रांग हसली. सर्वांत मोठ्याने मी.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी घड्याळ पुन्हा लावायला सांगितलं. मी किल्ली घेऊन उठले, तर शिपाई खिळा ठोकत होता काचेच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या समोरच्या भिंतीवर.

सोमवारी मी चपला बाहेर काढल्या. आतली फरशी गार होती. "या ना ताई," म्हणत पोरगी उठली, तिने आपली खुर्ची भिंतीपाशी ओढली आणि मला चढता यावं म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरली.

त्या खुर्चीवर मी उभी राहिले आणि किल्ली दिली.