‘बरं’ न चालणारे अण्णा

“बरं म्हंजे काय? बरं हा काय जवाब झाला?”

उस्मानाबादच्या बोर्डिंगात माझी पहिली सकाळ या प्रश्नानं उजाडली. हौदावर दात घासत होतो. समोर बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेले एक किरकोळ अंगाचे गृहस्थ उभे राहिले आणि “तबियत?” एवढंच म्हणाले. मी सभ्यपणे “बरं आहे” म्हणालो, आणि झालं! सगळ्यांसमोर माझी उलटतपासणी सुरू झाली. झोप किती लागली? भाकरी किती खाल्ल्या? पोट साफ झालं का? कॉलेजात पाय ठेवण्याआधीच माझ्या पोटाची खबर अख्ख्या बोर्डिंगाला लागली.

हे नरहरअण्णा. मूळचे तुळजापूरचे. निजामाच्या राजवटीत सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. उस्मानाबादेत कॉलेज नवंनवं निघालं, खेड्यापाड्यांतली पोरं शिकायला आली, तेव्हा त्यांच्या तब्येतीकडे बघायला म्हणून संस्थेनं अण्णांना फाटकाजवळची खोली दिली. ‘बरं’ या शब्दाशी त्यांचं एवढं वाकडं का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. “माझा धाकटा भाऊ आठ दिवस ‘बरं हाय’ म्हणत व्हता. नवव्या दिवशी बोललाच न्हाय.” एवढं बोलून ते औषधाच्या बाटल्या पुसत बसले.

माझ्या खोलीत माकणीचा वेंकट होता. त्याच्या घराण्यातला कॉलेजात आलेला पहिलाच. दिवाळीनंतर त्याचा खोकला काही हटेना. एका सकाळी त्याच्या रुमालावर मला रक्त दिसलं. त्यानं रुमाल मुठीत दाबला. “कुणाला बोललास तर तुला भवानीची आण हाय. आण्णा घरी धाडतील. एकदा घरी गेलो की मग कुठलं कालेज?”

आण घातल्यावर मी काय करणार? गप्प बसलो. अण्णांची चाहूल लागली की वेंकट खोकला दडवायला नळाच्या धारेखाली तोंड धरायचा आणि त्याच्या वतीनं मीच सांगायचो, “रात्रभर घोरत होता, अण्णा!” मी जन्मजात भित्रा. वेंकट खोकला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, आणि खोकला थांबला की जास्तच. अन्न गोड लागेना. ताटात भाकरी उरायला लागली, आणि अण्णांच्या नजरेतून उष्टी भाकरी कधी सुटली आहे का?

त्यांनी मला खोलीत बोलावून स्टुलावर बसवलं. जीभ बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढली. मग पोट चाचपत गंभीरपणे म्हणाले, “पोटात काय हाय, मला कळलंय. ते आज बाहेर काढल्याबिगर सोडत न्हाय.”

मी ओरडलो, “न्हाय सांगणार, अण्णा! वेंकटनं भवानीची आण घातलीय मला!”

अण्णांची बोटं जागच्या जागी थांबली. तेव्हा कुठं मला टेबलावरचा कप दिसला. त्यात एरंडेल ओतून ठेवलं होतं. बिचाऱ्यांना माझ्या पोटात जंत झाल्याचा संशय होता!

मग सगळं सांगावंच लागलं. अण्णा रागावले नाहीत, तडक वेंकटकडे गेले. “कालेज काय पळून जात न्हाय, लेका. तेवढं तू पळू नगंस.” डॉक्टरांनी दोघांच्याही छात्या तपासल्या. माझी स्वच्छ निघाली, वेंकटला क्षय. सोलापूरच्या बाजूला क्षयाचा दवाखाना होता, तिकडे त्याची रवानगी झाली. बसमध्ये चढताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांनी त्याला दर आठवड्याला कार्ड टाकायला बजावलं होतं. ताप किती, झोप किती, भाकऱ्या किती. पोस्टमन दिसला की ते कार्ड त्याच्या हातातूनच वाचायला लागायचे. पाचव्या का सहाव्या आठवड्यात कार्ड आलं : ‘मी बरा आहे. काळजी नसावी.’ मी हरखलो. अण्णांचा चेहरा मात्र पांढरा पडला. “बरा? बरा लिवलंय त्यानं?” कोटाची बटणं खालीवर लावून ते तसेच मोटार स्टँडकडे निघाले.

नऊ दिवसांनी परतले. वेंकटच्या शेजारच्या खाटेवरचा पेशंट गेला होता. तेव्हापासून यानं सुया घ्यायचं सोडलं होतं आणि गुपचूप गावी जाऊन पडायचं ठरवलं होतं. अण्णा नऊ दिवस त्याच्या उशाशी बसून राहिले, त्याला घास भरवत आणि प्रत्येक सुईला त्याचा हात धरत.

वेंकट दीड वर्षानं परत आला. मला बघून म्हणाला, “तुझ्या पोटात कायबी ऱ्हात न्हाय गड्या. म्हणून वाचलो.” मी तिथंच रडलो. पुढं तो सास्तूरला मास्तर झाला.

मी परभणीला प्राध्यापकी धरली. अण्णा थकून तुळजापूरला गेले. महिन्याला त्यांचं कार्ड यायचं. माझी चौकशी आणि स्वतःचा चोख हिशेब : ‘झोप पाच तास. भाकरी दीड. गुडघे ठणकतात.’ वाचून मला हसू यायचं. माझ्या वर्गातल्या पोरांना मीही सकाळी तेच प्रश्न विचारत होतो, आणि कुणी ‘बरं’ म्हणालं की त्याला सोडत नव्हतो.

एका मार्चमध्ये परीक्षेचे पेपर तपासत असताना त्यांचं कार्ड आलं. अक्षर जरा हललेलं होतं. एकच ओळ : ‘मी बरा आहे. काळजी नसावी.’

मी ते पेपरांच्या गठ्ठ्याखाली सारलं आणि पुढचा पेपर ओढला. सहाव्या दिवशी वेंकटची तार आली, अण्णा गेले.

ते कार्ड अजून माझ्यापाशी आहे. वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.